फॉर्मॅट मारून द्या म्हणण्याआधी

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी शटर वर करतो तेव्हाच कुणीतरी चादरीत गुंडाळलेला सीपीयू स्कूटरवर पायांमध्ये ठेवून आलेला असतो. (अख्ख्या कॅबिनेटला सगळे सीपीयूच म्हणतात. सुधारण्याचा नाद मी कधीच सोडला.) पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काहीच चालत नाही, फॉर्मॅट मारून द्या."

फॉर्मॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून टाकणं. म्हणून मी विचारतो, "आत काय आहे?" मग दोन मिनिटं शांतता. मुलीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, टॅलीमधले धंद्याचे तीन वर्षांचे हिशेब, सगळं त्या एकाच डब्यात. सीपीयू दुसरा मिळतो, ते फोटो मिळत नाहीत. म्हणून खालचं सगळं या क्रमाने सांगतोय: आधी डेटा, मग वीज, मग यंत्र आणि मग व्हायरस. लोक नेमकं उलटं करतात.

डेटा: आजच, हे वाचून झाल्यावर

बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, एक टीबीची पुरे. महत्त्वाच्या फाइल तिच्यावर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. "काढून" हा शब्द महत्त्वाचा आहे. एका दुकानदाराने बॅकअपची डिस्क वर्षभर मागे लावूनच ठेवली होती. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, त्याने मूळ फाइल आणि बॅकअप दोन्ही एकाच रात्री खाल्लं. आणखी एक प्रत घराबाहेर हवी. गूगल ड्राइव्ह चालेल, पुण्याच्या भावाकडे ठेवलेला पेन ड्राइव्हही चालेल.

एवढं केल्यावर कॉपी केलेल्या फाइलपैकी दोन-चार उघडून बघा. फोल्डर दिसतं पण फाइल उघडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

विंडोज ११ असेल तर आणखी एक काम. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, त्याला बिटलॉकर म्हणतात. मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) बदलला किंवा बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केलं की तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण खातं दुकानातल्या पोऱ्याने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल, तर ती किल्ली त्याच्याकडे! खात्यात जाऊन किल्ली शोधा आणि वहीत लिहून ठेवा. तिच्याशिवाय डिस्कमधलं काहीही मी काढून देऊ शकत नाही. दुसराही कुणी देऊ शकणार नाही.

वीज: निम्मं दुखणं भिंतीत असतं

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? "थोडा करंट मारतो, पण चालतोय" असं लोक हसत सांगतात. ते हसण्यावारी नेऊ नका. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचा मधला सांधा कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला असतो. घराला अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येऊन बसतात. त्यातून प्रवाह अगदी थोडा वाहतो, म्हणून माणूस बचावतो. पण तुम्ही पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरची केबल लावता तेव्हा तोच करंट पोर्टातून वाट काढतो. जळलेले यूएसबी पोर्ट माझ्याकडे येतात, त्यांच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

वायरमनला बोलवा आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. वीस-तीस दाखवत असेल तर आधी अर्थिंग नीट करून घ्या, नवा संगणक नंतर. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटात कोंबणारे आमच्याकडे अजून आहेत. मी त्यांना चहा पाजतो आणि नवी केबल विकतो.

यूपीएसबद्दल थोडक्यात. घरच्या एका डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दम सोडते. लाइट गेल्याबरोबर यूपीएस किंचाळून लगेच बंद पडत असेल, तर यूपीएस फेकू नका, बॅटरी बदला. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. कागदावर शाई भाजून चिकटवणारा रोलर तापताना इतका करंट ओढतो, की त्या झटक्यात छोटा यूपीएस मान टाकतो.

मे महिन्यात वळवाचे ढग भरून आले, की स्विच बंद करून भागत नाही. प्लग उपटा, तांब्याची लॅन केबलही काढा. वीज केबलमधूनही येते आणि राउटर, लॅन पोर्ट, मदरबोर्ड असा प्रवास करते. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, हे खरं. पण त्या राउटरच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर भिंतीलाच लावलेला असतो ना?

चालूच होत नाही, किंवा डिस्प्ले येत नाही

आधी मागच्या केबल बघा. मॉनिटरची केबल सैल आहे का? वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टात गेली का? साफसफाईनंतर आलेल्या "डिस्प्ले गेला"मध्ये ही चूक मला नेहमी सापडते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. आत अडकलेला चार्ज निघून जातो आणि कित्येकदा तेवढ्यावरच काम भागतं.

पंखा फिरतोय पण पडदा काळा, किंवा बीप-बीप आवाज येतोय, असं असेल तर संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या मेमरीच्या पट्टीवर घ्या. कृती अशी:

१. प्लग काढा. मग पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल.

२. कॅबिनेटची डावी बाजू उघडा. रॅमला हात लावण्याआधी पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर चार्ज घालवा. आमच्या दमट कोकणात हा त्रास कमी. नाशिक-नगरकडे थंडीत कोरडी हवा असते, तिथे मात्र विसरू नका.

३. रॅमच्या टोकांची क्लिप बाहेर दाबा, पट्टी वर येईल. सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पावसाळ्यात त्यांच्यावर काळसर थर बसतो, तो निघेल.

४. खोडरबराचा चुरा ब्रशने झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात.

५. खाच जुळवून पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जोराने दाबा. "टक्" आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही, तर ती बसलेली नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. गिऱ्हाइकासमोर खोडरबराने संगणक चालू केला की ते पैसे द्यायला कचरतं, हा या धंद्यातला तोटा. पण हे तुम्हाला घरी जमण्यासारखं आहे.

घड्याळ दर वेळी मागच्या सालात जात असेल आणि ब्राउझर "तुमचं कनेक्शन खासगी नाही" म्हणत असेल, तर तो व्हायरस नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलाय. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तारीख संगणकाच्या तारखेशी जुळत नाही, म्हणून साइट उघडत नाही. सेलचा खर्च दोन वडापावांएवढा.

धूळ, पाल आणि मुंग्या

सहा महिन्यांतून एकदा कॅबिनेट उघडून साफ करा. एक-दीड इंची रंगाचा नवा ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरे. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ते भन्नाट फिरायला लागलं की बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर चार्ज साठतो. प्रोसेसरचा पंखा काढलाच, तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराएवढी नवी लावल्याशिवाय परत बसवू नका. लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर ते काम दुकानात द्या. आतल्या रिबन केबलची कुलपं नखाएवढी असतात. ती तुटली, की शंभर रुपयांच्या साफसफाईचे हजार होतात.

एसएमपीएस उघडून पाल काढण्याचं काम मी किती वेळा केलंय, मोजलेलं नाही. उबेला ती आत शिरते, दोन टोकांना टेकते आणि स्वतःबरोबर फ्यूजही घेऊन जाते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला कार्डांच्या पट्ट्यांची जागा उघडी असेल तर ती बंद करा. पट्टी हरवली असेल तर जाड चिकटपट्टी लावा. लॅपटॉपमध्ये लाल मुंग्या होतात त्या कीबोर्डवर सांडलेल्या बिस्किटाच्या चुऱ्यामुळे. त्यात हिट मारू नका. लॅपटॉप बंद करा, उलटा धरून झटका, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा.

पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपला बुरशी येते आणि बोर्डावर हिरवा गंज चढतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवला, तर आतल्या उबेने तो वाचतो. लॅपटॉपचा टचपॅड वर आला किंवा खालचं झाकण फुगलं, तर आत बॅटरी फुगलीय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. तसाच दुकानात आणा.

"खूप स्लो झालाय"

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात काही न करता डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष तुमचा नाही, व्हायरसचाही नाही. फिरती डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी, म्हणजे चिपवाली न फिरणारी डिस्क, पाचशेच्या घरात. पण खरा फरक विखुरलेल्या छोट्या फाइल उचलण्यात पडतो. तिथे फिरत्या डिस्कची सुई धावत बसते. एसएसडी बसवल्यावर तीन मिनिटं घेणारा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होतो. दुरुस्तीच्या पैशांचं इतकं चीज करणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींपुढे शून्य हवं. सी५ म्हणजे डिस्कला वाचता येत नसलेल्या जागा. तिथे आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर डिस्क जाण्याच्या बेतात आहे.

इथे लोक मोठी चूक करतात. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासण्याचा प्रोग्रॅम) लावतात. मरायला टेकलेल्या डिस्कला सगळ्या जागा पुन्हा पुन्हा चाचपायला लावलं, तर ती त्यातच जाते. आधी कॉपी, तीही सर्वांत महत्त्वाच्या फोल्डरपासून. डिस्क कट-कट आवाज करत असेल तर कॉपीही नको. बंद करा आणि तशीच घेऊन या.

डिस्क धडधाकट आहे आणि विंडोजच बिघडलंय, तर फॉर्मॅटआधी दोन उपाय करता येतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डीआयएसएमचा रिस्टोअरहेल्थ आदेश द्यायचा, मग एसएफसीचा स्कॅननाऊ. पहिला विंडोजची मूळ प्रत दुरुस्त करतो, दुसरा त्या प्रतीवरून तुटलेल्या फाइल बदलतो. अर्धा-पाऊण तास जाईल. मधे बंद करू नका.

फॉर्मॅट अटळच असेल तर

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. विसरतात ते हे: टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आउटलुकची, म्हणजे ईमेलची, पीएसटी फाइल, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, स्कॅनरची सीडी. आणि मराठी डीटीपीवाल्यांनी फॉन्ट. युनिकोड येण्याआधीचं काम श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'सुरेख' नावाच्या फॉन्टसारख्या खास फॉन्टवर केलेलं असतं. फॉर्मॅटनंतर तो फॉन्ट नसला की वीस वर्षांच्या लग्नपत्रिका इंग्रजी अक्षरांच्या काल्यासारख्या दिसतात. एक छापखानावाले काका डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते, "व्हायरसने माझं सगळं मराठी खाल्लं." व्हायरस नव्हता, फॉन्ट गेला होता. जुन्या डिस्कमधून तो शोधून पुन्हा बसवला आणि पत्रिका जशाच्या तशा आल्या. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रत आधी घेऊन ठेवा.

विंडोज १० वर असाल तर लक्षात घ्या: मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा योजना दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. काही दुकानं ही अट चुकवून ११ टाकून देतात. चालतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याला अधिकृत मानत नाही आणि पुढच्या अपडेटची हमी देत नाही. मी हे गिऱ्हाइकाला सांगूनच करतो.

व्हायरस

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांच्या दुकानातून आणि त्यांचे भाऊ संजय यांच्या प्रोग्रॅमिंगमधून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. आम्हा दुरुस्तीवाल्यांना त्याचं कौतुक वाटणारच. तरी घरच्या साध्या वापरासाठी मी विंडोजमधला डिफेंडर पुरे म्हणतो, अपडेट होत असेल तर. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका, ते एकमेकांच्याच मागे धावतात. मुदत संपलेला तर मुळीच ठेवू नका. दारात झोपलेला वॉचमन आणि त्याचा पगार चालू, असं ते प्रकरण आहे. तो काढला की डिफेंडर आपोआप जागा होतो.

आमच्याकडे अजूनही सर्वाधिक येतो तो पेन ड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस. मुलगा झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला जातो. परत येतो तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये फाइलऐवजी एकच शॉर्टकट दिसतो. फाइल गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात.

शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, तोच सापळा आहे. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या फाइल आणि फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) दोन्ही दिसू द्या. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये संरक्षित सिस्टिम फाइल लपवण्याची खूण काढा. बहुधा नाव नसलेलं एक फोल्डर दिसेल, तुमचं सामान त्यात असतं. फक्त ओळखीच्या फाइल बाहेर काढा आणि पेन ड्राइव्ह फॉर्मॅट करा. (इथे मारा बिनधास्त!) पण गोष्ट इथे संपत नाही. संगणकालाही लागण झालेली असेल, तर साफ केलेला पेन ड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा तेच. म्हणून डिफेंडरचं फुल स्कॅन आणि त्यानंतर ऑफलाइन स्कॅन चालवा. ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. प्रिंटसाठी खरं तर पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलने पाठवा, पेन ड्राइव्ह नेऊच नका.

फाइलचं शेपूट दिसणं फार कामाचं आहे. नाव "पत्रिका पीडीएफ" आणि शेवट ईएक्सई असेल, तर ती पत्रिका नव्हे, प्रोग्रॅम आहे.

हल्ली एक नवीन युक्ती आली आहे. एखाद्या साइटवर "मी रोबोट नाही" अशी चौकट येते आणि मग सांगते: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर मारा. साइटने तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप एक आदेश ठेवलेला असतो आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने चालवता. कुठलीही खरी तपासणी तुम्हाला ही बटणं दाबायला सांगत नाही. तसंच "तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा" असं भोंग्यासकट येतं, ते निव्वळ वेबपेज असतं. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलात तर समोरचा एनीडेस्क (दुरून तुमचा संगणक चालवण्याचं अ‍ॅप) टाकायला सांगेल, आणि मग बँक.

फुकटच्या क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमबद्दल, माझं मत कडक आहे. जो अ‍ॅक्टिव्हेटर "आधी अँटिव्हायरस बंद करा" म्हणतो, त्याने आपला हेतू सांगून टाकलेला असतो. स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाचा खंडणीखोर व्हायरस घरगुती संगणकांत बराचसा असाच शिरला. फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागतं, फोल्डरमध्ये रीडमी फाइल येते आणि तीत ९८० डॉलर मागितलेले असतात, तीन दिवसांत दिले तर निम्मे.

असं झालं तर लगेच वाय-फाय आणि केबल तोडा, बाहेरची डिस्क काढा. पैसे देऊ नका. फॉर्मॅटही मारू नका, कारण काही प्रकारांच्या किल्ल्या नंतर सापडतात. नो मोअर रॅन्सम या संकेतस्थळावर फुकट उलगडणारी साधनं असतात. शेपटाचं नाव आणि चिठ्ठीचा फोटो घेऊन तिथे शोधा. मिळालं नाही तर ती डिस्क तशीच बाजूला ठेवा आणि नवी बसवा. बँकेतून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, माझ्याकडे नंतर या. पहिल्या तासाला फार किंमत असते.

अपडेटला कंटाळणाऱ्यांना मी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसची गोष्ट सांगतो. १२ मे २०१७ ला त्याने जगभरची रुग्णालयं आणि कार्यालयं ठप्प केली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

दुकानात देताना

तक्रार कागदावर लिहून द्या, "कधी कधी" म्हणजे नेमकं कधी तेही. लॅपटॉपचा सिरियल नंबर, रॅम आणि डिस्क किती, याचा फोटो काढून ठेवा. बदललेला जुना भाग परत मागा. मी न मागता देतो, पण मागायची लाज वाटू देऊ नका. बँकेच्या आणि ईमेलच्या खात्यांतून बाहेर पडा. घरातले खासगी फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवा. आमच्याच धंद्याबद्दल लिहितोय, पण सगळीच माणसं सारखी नसतात.

डिस्क पाण्यात गेली तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझंही दुकान गेलं. पाणी उतरल्यावर आठवडाभर लोक चिखलाने भरलेले सीपीयू घेऊन येत होते. बहुतेकांनी ते उन्हात खडखडीत वाळवून, एकदा "चालतो का" म्हणून लावूनही बघितले होते. फिरत्या डिस्कला श्वास घ्यायला बारीकसं भोक असतं. त्यातून पुराचं पाणी आत जातं, वाळलं की गाळ तबकडीवर घट्ट चिकटतो, आणि डिस्क फिरली की सुई तो गाळ तबकडीभर खरवडते.

एक शिक्षिका ताई मात्र डिस्क ओलीच, दुधाच्या पिशवीत तोंड बांधून घेऊन आल्या. घाईत, वाळवायला वेळच मिळाला नाही म्हणून! तेच बरोबर होतं. ओली डिस्क वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका, वीज तर देऊच नका. ओलसर फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला, वर नाव लिहा आणि मुंबई-पुण्याच्या डेटा रिकव्हरी लॅबला पाठवा. तिथे ती स्वच्छ खोलीत उघडून धुतात. एसएसडी असेल तर काम त्यामानाने सोपं, आत फिरणारं काही नसतं. पण तिलाही धुवून पूर्ण कोरडी केल्याशिवाय वीज द्यायची नाही.

ताईंच्या डिस्कमधले शाळेच्या पंचवीस वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो परत आले. दोन वर्षांचे तेवढे मिळाले नाहीत. आता त्या दर दिवाळीला बाहेरची डिस्क घेऊन दुकानात येतात, माझ्यासमोर चार फोटो उघडून बघतात आणि डिस्क परत पिशवीत घालून घरी नेतात. पिशवी अजून दुधाचीच.